लोणंदचा दुसरा गुण

दिन्या, तुझ्या रक्षाविसर्जनाला नऊ जण बोलले. मी दहावा. राख नीट भरूनही झाली नव्हती, तोवर माईकवाला 'हॅलो, चेक, चेक' करायला लागला. आपल्याकडं ही आता रीतच होऊन बसली आहे. जिवंतपणी ज्याला ग्रामसभेत कुणी दोन मिनिटं बोलू देत नाही, त्याच्या राखेपुढं मात्र सगळ्या गावाला कंठ फुटतो. स्मशानाच्या फाटकाला फ्लेक्स लावला होता. मधे तू, आणि भोवतीनं गावातले चौदा पुढारी, सगळे तुझ्यापेक्षा हसरे. तुझा बरा फोटो सापडला नाही म्हणून कुणीतरी मोबाईलमध्ये तुला निळा कोट चढवला होता. जन्मात तू कोट घातला नाहीस. स्वतःच्या लग्नातसुद्धा सफारीच्या बाह्या दुमडून उभा होतास. त्या कोटाकडं बघून मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

सर्जेराव सगळ्यांत जास्त वेळ बोलला. आपल्या कबड्डी संघाचा उजवा कोपरा, आता शाळेच्या समितीचा अध्यक्ष आणि अंगानं तिप्पट. म्हणाला, "दिनकररावांनी या मातीला खिलाडूवृत्ती शिकवली. पंचाला न दिसलेला स्पर्श स्वतः हात वर करून सांगणारा असा खेळाडू पुन्हा होणे नाही!" आणि रुमाल काढून डोळे टिपले. याच माणसानं दोन वर्षांमागं शाळेतल्या पोरींचा कबड्डीचा संघ तुझ्याकडनं काढून घेतला होता. का, तर तालुक्याच्या सामन्यात तुझ्या दोन पोरींनी आपणहून हात वर केला आणि संघ हरला. "ह्यो पोरींस्नी हरायला शिकीवतोय," असं तो भर बैठकीत म्हणाला होता. त्या बैठकीत मीही होतो. मी काय केलं ते पुढं सांगतो. आधी दुसऱ्यांचं होऊ दे, स्वतःकडं यायला मला नेहमीच उशीर लागतो.

मग माझं नाव पुकारलं. "कैलासवासींचे जिवलग मित्र, विलासराव." मी उठलो, माईक हातात घेतला आणि म्हणालो, "दिनकर म्हणजे खेळातला देवमाणूस." देवमाणूस! तीस वर्षं ज्या तोंडानं तुला येडा म्हटलं, त्याच तोंडानं. आणखी तीन वाक्यं बोललो, ती आठवली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. खाली बसलो तर शेजारच्यानं "लय भारी बोलला" म्हणून मांडीवर थाप मारली.

नंतर नैवेद्य ठेवला आणि सगळे कावळ्याची वाट बघत मागं सरले. खरं सांगतो, मला वाटत होतं कावळा शिवणार नाही. गेलेल्याचं काही मनात राहिलं असेल तर तो शिवत नाही म्हणतात, मग कुणीतरी पुढं होऊन हात जोडून शब्द देतं. मी शब्द तयार ठेवला होता. कावळा अडेल, म्हातारी माणसं माझ्याकडं बघतील, मला बोलावंच लागेल, अशी माझी सगळी मांडणी झाली होती. आणि तू काय केलंस? आम्ही पुरते मागंही सरलो नव्हतो, तर दोन कावळे आले आणि भाताला चोच लावून गेलेसुद्धा. "पुण्यवान मानूस," कुणीतरी म्हणालं, "कायबी मागं ठेवलं न्हाई." तुझं काही राहिलं नव्हतं. जे राहिलं होतं ते माझं होतं, आणि तू मला तेवढीही सोय करून दिली नाहीस.

तात्या मास्तर आठवतात का रे तुला तिकडं? शाळेमागच्या त्या मैदानावर नवा गडी आला की ते त्याला महिनाभर एकेका जागेवर उभं करायचे. आज कोपरा, उद्या मधला, परवा चढाई. बोलायचे काही नाहीत, नुसतं बघायचे. महिना संपला की एका वाक्यात निकाल. तुला म्हणाले, "दिनकर, तुजा दम आखूड हाय, चढाईला जाऊ नगंस. पकड मातूर घोरपडीची." तू मान हलवलीस आणि डाव्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलास. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही, हे विसाव्या वर्षी कळलं आणि तू ते निमूट घेतलंस. मला म्हणाले, "इलास, पाय चपळ, नजर चांगली. पन तुजं तोंड पायाच्या म्होरं पळतंय." मी हसलो. मास्तर थट्टा करताहेत असं मला वाटलं होतं.

सामना झाला, जिंकला काय नि हरला काय, मास्तर आपल्याला गोल करून बसवायचे. ज्यानं त्यानं आपली एक चूक सांगायची. दुसऱ्याची सांगायची नाही, ती सांगणाऱ्याला मैदानाच्या पाच फेऱ्या. सगळ्यात जास्त फेऱ्या मी मारल्या. माझ्या चपळ पायांचं गुपित ते आहे.

आणि तुझी पकड. बचावाला आपण साखळी धरून उभे राहायचो, कोपऱ्यावर तू, तुझ्या शेजारी मी. माझं डावं मनगट तुझ्या उजव्या मुठीत. समोरचा दम भरत आत आला की मी बिनघोर पुढं झेपावायचो, कारण मागं तुझा हात असायचा. माझ्या नावावर ज्या पकडी लागल्या त्यातल्या निम्म्या तुझ्या मुठीच्या होत्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. वाढदिवसाच्या दिवशी मोबाईलवर केकचं चित्र पाठवायचो, तेवढं पुरेसं आहे असं वाटायचं.

लोणंदची फायनल. मला ती अजून चढाई न चढाई आठवते आणि तुला तर आठवत असणारच. जिंकणाऱ्या संघातले दोन गडी एका साखर कारखान्याच्या संघात घेणार होते. म्हणजे नोकरी, पगार, पुढं लग्नाला पोरगी. मंडपात कारखान्याची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. दोघांत एक मी असणार हे मी धरूनच चाललो होतो. उन्हानं मैदान तापलेलं, तोंडात माती, आणि आपण बरोबरीला झुंजत होतो.

दुसऱ्या डावात त्यांचा तो उंच गडी आत आला. माझ्याकडं झुकला, मी पाय मागं घेतला, आणि त्याचं बोट माझ्या उजव्या गुडघ्याखाली लागलं. ओझरतं. पंच दुसऱ्या बाजूला होता. गडी मधली रेषा ओलांडून परत गेला आणि त्यानं गुणासाठी हात वर केला. पंचानं माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही खांदे उडवले, गळ्याला चिमटा धरला आणि म्हणालो, "आईच्यान न्हाई." आई तेव्हा घरी दारात बसून माझी वाट बघत असेल. पंचानं गुण दिला नाही.

पण बोट लागलं तेव्हा माझं डावं मनगट तुझ्या मुठीत होतं. मी दचकलो ते तुझ्या हाताला कळलं. तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. मी पंचाकडं बघत राहिलो. तू मूठ सोडली नाहीस, घट्टही केली नाहीस.

शेवटची चढाई झाली तेव्हा गुण बरोबरीत होते. तोच उंच गडी. घाईत आला, रिकामा परत गेला, त्याचं त्यालाही काही कळलं नाही. शिट्टी झाली. पंच जादा डावाची खूण करायला हात उचलणार, इतक्यात तू उजवा हात वर केलास आणि मैदानाबाहेर चालायला लागलास. त्याच्या अंगठ्याचा तुझ्या पावलाला स्पर्श झाला होता म्हणे. चढाई करणाऱ्याला माहीत नाही, पंचाला माहीत नाही, चार हजार डोळ्यांपैकी एकाला दिसलं नाही, आणि तू निघालास आपला बाहेर, बाद झालेल्या गड्यासारखा, आणि रेषेबाहेर मांडी घालून बसलास. पंचाला क्षणभर काय करावं कळेना. मग त्यानं त्यांना गुण दिला. आपण एका गुणानं हरलो.

परत येताना टेम्पो साताऱ्यात चहाला थांबला. हॉटेलामागच्या मोकळ्या जागेत मास्तरांनी गोल करायला लावला. सर्जेरावानं काहीतरी सांगितलं. माझी पाळी आली. मी म्हणालो, "माजी एक पकड सुटली." एवढंच. तू शेजारीच होतास. मग तू म्हणालास, "माजा पाय म्होरं ऱ्हायला. मागं घ्याला पायजे हुता." मी तिथंच भडकलो. मास्तरांचा नेम मोडून ओरडलो, "पायाचं काय सांगतोयस? हात कशाला वर केलास त्ये सांग! पंचानं बगितलं न्हवतं, तुला काय नडलं हुतं?" तू चहाच्या कपाकडं बघत म्हणालास, "मला कळलं हुतं न्हवं." मास्तर उठून टेम्पोत जाऊन बसले. मला पाच फेऱ्या मारायलाही सांगितल्या नाहीत.

गावात पोचायच्या आत मी तुझं नाव ठेवलं. हातवऱ्या. टेम्पोतली सगळी हसली, सर्जेराव सगळ्यात मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी ते पारावर होतं, महिन्याभरात गावभर. पुढं तुझ्या लग्नात नवरदेव आला म्हणायच्या ऐवजी कुणीतरी "हातवऱ्या आला" म्हणालं. तू हसलास. मला वाटलं, हसतोय म्हणजे चालतंय.

मी मोटर रिवायंडिंगचं दुकान काढलं. जळलेल्या मोटारी उकलायच्या, तांब्याची तार गुंडाळायची, वार्निशचा वास पोटात घ्यायचा. गिऱ्हाईक बसलं की मी हटकून लोणंदची गोष्ट काढायचो. "आमच्या दिनकरनं हात वर केला नसता तर आज मी कारखान्यात असतो." किती जणांना सांगितली असेल, देव जाणे. प्रत्येक वेळी तुझा पाय रंगवून सांगायचो आणि माझा गुडघा गाळायचो. एकदा तू स्वतःची पाण्यातली मोटर घेऊन आला होतास, दारात उभा असलेला तू मला दिसला नाहीस, आणि मी एका पाहुण्याला तीच गोष्ट सांगत होतो. तू ऐकून घेतलंस, मोटर ठेवलीस आणि म्हणालास, "बेअरिंग बग रं गड्या, आवाज येतोय." त्या दिवशी मला स्वतःची जी किळस वाटली ती मी संध्याकाळपर्यंतच टिकू दिली.

आता ती बैठक. सर्जेराव म्हणाला, हा पोरींना हरायला शिकवतोय. तू म्हणालास, "हरायला न्हाई. लागलं की कळतंय, त्ये शिकीवतोय." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण तुझा जोडीदार मी. मी मान हलवली, सर्जेरावाच्या बाजूनं. म्हणालो, "जमाना बदललाय दिनकर, पोरींचं नुकसान करू नगंस." तुझ्या गळ्यात शिट्टी होती. तू ती काढून टेबलावर ठेवलीस आणि घरी गेलास.

इथंच मला तुझा राग येतो, दिन्या. आज मेलेल्या माणसावर रागावतोय म्हणून लोक मला नावं ठेवतील, ठेवू देत. तू गप्प का राहिलास? एकदा तरी पारावर, दुकानात, त्या बैठकीत म्हणायचं होतंस, "ह्याला बी लागलं हुतं, मला म्हाईत हाय." माझं नाक कापलं गेलं असतं, पण मी सुटलो असतो. दुसऱ्याची चूक सांगायची नाही, हा मास्तरांचा नेम तू तीस वर्षं पाळलास. मैदान मोडून तिथं पतसंस्थेची इमारत उभी राहिली, मास्तर गेले, आणि तू आपला नेम पाळतोयस. त्यात तुझाही एक ताठा होता. तू माझ्यापेक्षा बरा आहेस हे तुला माहीत होतं आणि तू मला ते एकट्यालाच चघळायला ठेवलंस. तुझा दम आखूड होता ना? मग एवढा लांब दम तू कुठनं धरलास?

सांगलीच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुझ्या तोंडावर नळी होती. दुपारची वेळ, वहिनी डबा धुवायला गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. तू हात पुढं केलास आणि माझं डावं मनगट धरलंस, साखळीत धरायचास तसंच. मूठ सैल होती, पण जागा तीच. मला कळलं, तू विचारतोयस. किंवा नसशीलही विचारत, नुसता आधार घेत असशील. मी काय बोललो आठवतं? म्हणालो, "हितल्या कँटीनचा चा लय बेक्कार हाय गड्या." तू डोळे मिटलेस. माझ्या आयुष्यात इतकं घाणेरडं वाक्य मी दुसरं बोललो नाही, आणि त्यात एकही शिवी नव्हती.

तेराव्याला आम्ही जुने पाच जण तुझ्या अंगणात बसलो होतो. नकळत गोल झाला होता. सर्जेराव तुझ्या नावाच्या चषकाचं बोलत होता, पोरींची स्पर्धा भरवायची, फ्लेक्सवर कुणाकुणाचे फोटो घालायचे. मग हळूच हसून म्हणाला, "काय म्हना, त्यो हात खाली ऱ्हायला असता तर आज आपल्यातली दोगं कारखान्याचा पगार खात असती." सगळे हसले. मायेनं हसले, वाईट हेतू नव्हता. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

मी उजवा हात वर केला.

"काय रं इलास," सर्जेराव म्हणाला, "बोलायचं हाय का काय? बोल की, हात कशाला वर करतोस?"

"मला लागलं हुतं," मी म्हणालो. "लोणंदला. दुसऱ्या डावात. म्या आईची शपत घिऊन न्हाई म्हनलो. दिन्याला म्हाईत हुतं."

मग सर्जेराव म्हणाला, "जाऊ दे रं. तीस वरसं झाली. आता मडं उकरून काय उपेग?" बाकीच्यांनी माना हलवल्या. "व्हय व्हय, झालं त्ये गंगंला मिळालं." अर्ध्या मिनिटात त्यांनी मला माफ करून टाकलं आणि पुन्हा फ्लेक्सकडं वळले. तुला तीस वर्षांत जे मिळालं नाही ते मला अर्ध्या मिनिटात मिळालं.

शालन वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातलं चहाचं ताट त्यांनी खाली ठेवलं.

"भावजी, त्ये हातवऱ्या नाव कुनी ठेवलं हुतं?"

"मीच."

"माज्या पोरीला शाळंत त्याच नावानं चिडवायची. हातवऱ्याची पोरगी म्हनायची. आठवीत खेळ सोडला तिनं, बापासंगं वरीसभर बोलली न्हाई. ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय."

वहिनींनी आत वळून हाक मारली. "वैशू, भाईर ये. इलासकाका काय सांगत्यात त्ये ऐक."

वैशू आली. पिठाचे हात, तुझ्यासारखंच रुंद कपाळ. तिनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझा हात अजून वरच होता, खाली घ्यायचं सुचलं नव्हतं.

"पोरी," मी म्हणालो, "लोनंदला आमी एका गुनानं न्हाई हरलो. दोन गुनांनी हरलो. एक तुज्या बानं सांगितला. दुसरा माजा हुता, त्यो म्या दाबला."

मी उठलो, चपला घातल्या आणि अंगणाच्या फाटकाबाहेर जाऊन कट्ट्यावर बसलो. बाद झालेला गडी, आपल्यातलं कुणी गुण घेऊन येईपर्यंत रेषेबाहेर बसतो. खेळात तो परत आत यायचा, आपल्याला त्याची सवय होती.

आतनं सर्जेरावाचा आवाज येत होता. थोड्या वेळानं वैशू चहा घेऊन आली. कप माझ्या शेजारी कट्ट्यावर ठेवला आणि परत वळली. आत या, असं ती म्हणाली नाही. तिनं बरोबर केलं, दिन्या.